काडी मोडल्यानंतर

लेकीचं लग्न ठरलं. पहिल्या बैठकीला गुरुजींनी वही उघडली आणि विचारलं, "यजमान कोण बसणार?" मी म्हणाले, "मीच." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भावाकडे. "ताई, तसं चालत नाही हो. कन्यादानाला जोडी लागते. मामा-मामी बसतील, नाहीतर काका-काकू. तुम्ही समोर खुर्चीवर बसा निवांत."

बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. आमच्याकडे वीस वर्षं येणारे भले गृहस्थ आहेत ते. पण जिच्या बारावीच्या वर्षात मी रात्री दोनदोन वाजेपर्यंत तिच्यासोबत जागले, जिच्या कॉलेजची फी भरायला पाटल्या मोडल्या, तिच्या लग्नात मी 'निवांत' बसायचं? वहिनीलाही ते पटलं नाही. "मी नाही बसणार ताईंच्या जागेवर," एवढं बोलून ती चहा आणायला उठली.

नऊ वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, परस्परसंमतीने माझा घटस्फोट झाला. कुणाची चूक किती हे आता उगाळायचं नाही. तिच्या बाबांबद्दल माझ्या मनात राग उरलेला नाही. मला बोलायचंय ते निकालाचा कागद हातात पडल्यानंतरच्या वर्षांबद्दल. भेटेल तो मला म्हणायचा, "हिंमत ठेव." हिंमत होती. वीस वर्षांचा संसार मोडायचा निर्णय घ्यायला जी हिंमत लागते ती बाईकडे असल्याशिवाय ती कोर्टाच्या पायऱ्या चढत नाही. मला हवं होतं राहायला घर, करायला काम आणि देवापुढे उभं राहायला हक्काची जागा. या तिन्ही गोष्टी एकट्या माणसाच्या हिमतीवर मिळत नाहीत, त्या समाजाने लावून द्याव्या लागतात. पूर्वी महाराष्ट्राने त्या लावून दिल्या आहेत, आणि आज घटस्फोटितांसाठी तेवढंही काम आपण केलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

'काडीमोड' हा शब्द आता फक्त बातम्यांच्या मथळ्यात, तोही युती तुटली की वाचायला मिळतो. पण तो खरा विधी होता. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि नातं सुटलं असं चारचौघांत जाहीर करायचं. फारकत झालेल्या किंवा नवरा वारलेल्या बाईचं पुढे पाट लावून, मोहतूर लावून दुसरं घर होत असे. मराठेशाहीच्या कागदांत 'पाटदाम' नावाचा कर भेटतो. ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट समाजात रुळलेली असते. मी त्या काळाचं गुणगान करत नाही. पाटाचं लग्न रात्री, गाजावाजा न करता लागे, पहिल्या लग्नाचा मान त्याला नसे, आणि पंच म्हणजे सगळे पुरुषच. तरीही एक गोष्ट तिथे होती, जी आज माझ्यासारखीला मिळत नाही. एक नातं संपलं हे सांगायची जागा होती, आणि त्यानंतर पुढे काय हे ठरलेलं होतं.

'घटस्फोट आपल्या संस्कृतीत नव्हताच' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. ते मोजक्या जातींपुरतं खरं आहे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता, की बहुसंख्य हिंदूंमध्ये रूढीने घटस्फोट होतोच. म्हणूनच १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट कायम ठेवला. आपल्या मुलखात तर कायदेही आधी झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी काडीमोडीचा कायदा केला, बडोद्यात १९३१ साली सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात हिंदूंना घटस्फोट मिळू लागला, मुंबई प्रांताने १९४७ सालीच तो दिला. मग घरं प्रतिष्ठित होऊ लागली, आणि प्रतिष्ठेची पहिली खूण म्हणून त्यांनी पाट बंद केले. वरच्यांची बंधनं उचलली आणि स्वतःची सोय टाकून दिली.

कायद्याने दार उघडतं, पण दारापलीकडे रस्ता असावा लागतो. हे आपल्याला विधवांच्या बाबतीत एकदा कळून चुकलं होतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. पुढची कितीतरी वर्षं असे विवाह फार थोडे झाले. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांनी आधी पुनर्विवाहाला प्रोत्साहन देणारी मंडळी काढली. पण एकेक लग्न जुळवून हा प्रश्न सुटणार नाही हे त्यांना उमगलं, आणि १८९६ साली त्यांनी आश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. इथे आलेल्या बाईला आधी झोपायला जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, अक्षर मिळालं, आणि मग शिक्षिकेची किंवा परिचारिकेची नोकरी. लग्न करायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं.

रखमाबाईंची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम १८८७ साली झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, पुढच्या वर्षी त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेला येऊन रुग्णसेवेत बुडून गेल्या. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते, कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी मदत केली, त्यांच्यासाठी समिती झाली आणि वर्गणी गोळा झाली. हा भाग सांगताना आपण घाईत असतो. रखमाबाईंचं धैर्य मी मनापासून मानते. पण त्या वर्गणीशिवाय त्या बोटीत बसल्या नसत्या. आणि त्या तेव्हा विशीत होत्या.

चाळिशीनंतरचा घटस्फोट वेगळा असतो, तो यासाठी. पंचविशीत सुटलेल्या मुलीचे आईवडील साठीच्या आत असतात, नोकरीची वयोमर्यादा उलटलेली नसते, बहुधा मूल नसतं. पंचेचाळिशीत आईवडीलच आपल्या आधारावर असतात, मुलं दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरू लागलेले, आणि हाताशी वीस वर्षं बिनपगारी केलेलं काम. त्या कामाचा प्रॉव्हिडंट फंड नसतो.

घरापासून सांगते. निकालानंतर मी माहेरी आले. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी हॉलमधला दिवाण माझा म्हणून दिला आणि सकाळी उठल्यावर दोन महिने रोज विचारलं, "झोप लागली का गं?" भाऊ-वहिनीने कधी शब्दाने दुखवलं नाही. तरीही स्वयंपाकघरात डबा उघडताना मी आवाज होऊ द्यायची नाही. माहेर चार दिवसांच्या लेकीसाठी बांधलेलं असतं. ती कायमची आली की माणसं बदलत नाहीत, पण घर लहान होतं.

या घरात मला हक्क होता. महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर वाटा द्यायचा कायदा केला, २००५ साली तो देशभर झाला, २०२०च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने उरलेला संशयही दूर केला. आणि तरी आपल्याकडे वडील गेले की तेराव्यानंतर तलाठ्याकडे जायच्या आधी बहिणींच्या पुढे हक्कसोडपत्र येतं. "तुला काय कमी आहे, ताई?" या एका वाक्यावर सह्या होतात. सही करणारी पस्तीस वर्षांची असते, तिचं सगळं छान चाललेलं असतं, भाऊ नजरेसमोर असतो. दहा वर्षांनी तिचाच संसार मोडतो तेव्हा ती त्याच घरात पाहुणी म्हणून येते. मला प्रत्येक बहिणीला कळकळीने सांगायचंय: भावावर प्रेम करा, राखी बांधा, आजारपणात त्याच्याकडे रात्री जागा, सही करू नका. वाटा विकायची किंवा मागायची वेळ आली नाही तर आनंदच आहे, पण तो नावावर राहू द्या. माझ्या बाबांनी हयातीतच मृत्युपत्र करून एक खोली माझ्या नावे केली, म्हणून मी आज हे लिहिण्याइतकी स्थिर आहे. बाबांसारखे बाबा सगळ्यांना नसतात, आणि एवढी मोठी गोष्ट नशिबावर सोडून चालणार नाही.

सासरच्या मालमत्तेचं चित्र याहून वाईट आहे. लग्नात दोघांनी मिळून जे उभारलं त्यात घटस्फोटाच्या वेळी बायकोचा ठरलेला वाटा आपल्या कायद्यात नाही. पोटगी मिळते, ती न्यायालयाच्या विवेकावर. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं बंधन घातलं, संसारासाठी सोडलेली नोकरी लक्षात घ्यावी असंही सांगितलं, ही पुढची पायरी झाली. पण मदत आणि मालकी यांत फरक असतो. आमच्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून वेगळा नियम आहे. लग्नाआधी निराळा करार केलेला नसेल तर पतीपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी होते. सिंधुदुर्गात बांदा ओलांडलं की बाईच्या वीस वर्षांच्या कष्टांची किंमत बदलते. देशभरासाठी असा वाटा देऊ पाहणारं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते विरून गेलं. त्यात दोष होते, पुरुषांच्या संघटनांचे आक्षेप होते, त्यातले काही विचार करण्यासारखेही होते. दोष दुरुस्त करून ते परत आणायला हवं होतं. दहा वर्षांहून जास्त काळ गेला आणि एकाही निवडणुकीत मला त्यावर कुणी मत मागितलेलं आठवत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख होते, आणि नुसतेच वेगळे राहणारे त्यांच्या अडीचपटीहून जास्त. दोन्हींत बायकांची संख्या जास्त. हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. काडी न मोडताच सोडून दिलेल्या या बायका. मराठीत त्यांच्यासाठी 'परित्यक्ता' असा शब्द आहे, आणि या शब्दाखाली ऐंशीच्या दशकात संगमनेरला परिषद भरली होती, म्हणजे प्रश्न नवा नाही. सरकारची संजय गांधी निराधार योजना घटस्फोटितेला आणि परित्यक्तेला दरमहा दीड हजार रुपये देते. पण वर्षानुवर्षं अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. महिन्याला साडेसतराशे. चार घरची धुणीभांडी करणारी बाईही त्यात बसत नाही. याच सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली तेव्हा मर्यादा अडीच लाख ठेवली. म्हणजे मर्यादा वाढवता येते. जिला कुणीच नाही तिच्याच मर्यादेला हात लावायला वेळ झालेला नाही.

आता कामाचं. मी १९९३ची बी.कॉम. लग्नाआधी दोन वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. लेजर तेव्हा हाताने लिहायचो आणि महिन्याअखेर बेरीज जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. लग्नानंतर नोकरी सुटली. पण तिच्या बाबांच्या व्यवसायाची पुस्तकं मीच ठेवत होते. चलनं, बँकेचा ताळमेळ, २००५ला व्हॅट आल्यावर त्याची विवरणपत्रं, सगळं जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाली की. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या तरुणाने अर्ज उलटून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, मधली वीस वर्षं रिकामी दिसतायत." रिकामी! माझ्याकडे अनुभवाचा दाखला नव्हता, पगाराची एक स्लिप नव्हती, एका कागदावर माझं नाव नव्हतं.

मला मार्ग सापडला तो एका योगायोगाने. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. त्या आठवड्यात पुण्यातल्या प्रत्येक करसल्लागाराच्या कचेरीत गोंधळ होता. तीस वर्षं विक्रीकराचं काम केलेले गृहस्थ आणि कालच पास झालेला मुलगा, दोघेही पोर्टलपुढे सारखेच नवशिके. मीही तिथेच बसले. एका छोट्या कचेरीत नऊ हजारांवर लागले आणि सहा महिन्यांत इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, घोळ निस्तरायला लोक मला शोधू लागले. आज अकरा गृहनिर्माण संस्थांची आणि काही दुकानांची पुस्तकं माझ्याकडे आहेत. माझ्यासारख्या अवस्थेत कुणी असेल तर माझा अनुभव सांगते: वीस वर्षांपूर्वीचं काम जिथे सोडलं तिथून उचलायला जाऊ नका, तिथे तुमच्यापुढे वीस वर्षांची रांग असते. त्या धंद्यात नुकतंच काय बदललंय ते शोधा. नव्या गोष्टीपुढे सगळेच नवे असतात.

पण सगळ्यांसाठी नेमका कायदा बदलत नाही. म्हणून नियम बदलायला हवेत. केंद्र सरकारच्या गट 'क'च्या भरतीत विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयाने विभक्त केलेल्या, पुनर्विवाह न केलेल्या बायकांना वयाची सवलत आहे: पस्तीस वर्षांपर्यंत, अनुसूचित जातीजमातींसाठी चाळीस. कुणीतरी सहानुभूतीने केलेला हा नियम आहे. पण तो करताना डोळ्यांपुढे अठ्ठावीस-तिशीची मुलगी होती. पंचविशीत लग्न, वीस वर्षं निभावण्याचा प्रयत्न आणि मग हुकूमनामा, असं आयुष्य गेलेली बाई या सवलतीच्या दहा वर्षं पलीकडे उभी असते. वय जन्मतारखेवरून मोजण्याऐवजी निकालाच्या तारखेपासून पाच वर्षं अशी मुभा का देता येऊ नये? पूर्ण नोकरी नको, निदान वर्षभराची विद्यावेतनावरची उमेदवारी द्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून कुठल्याही वयाच्या माणसाला शिकवतंय. माझ्यासारख्याच बायकांचा आमचा एक गट आहे, त्यातल्या दोघींनी तिथूनच पदवी पूर्ण केली. पदवीनंतर हात धरून कामाला लावणारं कुणी नाही. सेवासदनाला १९०९ साली हे दुसरं पाऊल कळलं होतं.

पुरुषांबद्दल न लिहिता पुढे गेले तर अन्याय होईल. माझा मावसभाऊ अठ्ठेचाळीसचा असताना वेगळा झाला. कारखान्यात फोरमन, घरात आयुष्यभर पाण्याचा ग्लास स्वतः घेतला नाही. मुलगा अकरा वर्षांचा, दर रविवारी चार तास भेटणार. पहिल्या रविवारी त्याने मुलाला हॉटेलात नेलं, दुसऱ्या रविवारी मॉलमध्ये. तिसऱ्या रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, घरी काही नाहीये का खायला?" त्या रात्री माझ्याकडे येऊन त्याने वरणभात शिकून घेतला, डाळीत हिंग कधी घालायचा ते वहीत लिहून नेलं. बायका निदान एकमेकींपाशी रडतात. त्याला त्याच्या मित्रांनी दारू पाजली आणि "दुसरी कर" म्हणून सांगितलं. पुरुषाचं पुन्हा लग्न लवकर जमतं हे खरं आहे. पण ते जमतं ते बहुतेकदा घर चालवायला कुणीतरी हवं म्हणून, आणि असं जमलेलं पुन्हा मोडताना मी पाहिलंय. आज त्याचा मुलगा सोळाचा आहे आणि रविवारी बापाच्या हातची फोडणीची पोळी मागून खातो. माझ्या दृष्टीने हे कुटुंब आहे, पूर्ण कुटुंब. वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मवर मुलांना 'जबाबदारी' म्हणतात. 'जबाबदारी नसलेली हवी' अशी अपेक्षा लिहिलेली असते. तो शब्द वाचला की माझ्या पोटात खड्डा पडतो. पुनर्विवाह करणाऱ्यांनी जरूर करावा. पण मोडलेल्या घराची दुरुस्ती म्हणजे नवा जोडीदार, एवढंच उत्तर आपल्याला येतं, आणि तिथेच आपण कर्व्यांच्या एक पाऊल मागे आहोत.

सगळ्यात उशिरा माझी श्रद्धा परत आली. या गोष्टीवर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

संसार बिघडल्यावर मला सगळ्यांनी देवाकडेच पाठवलं होतं. सोळा सोमवार कर, पारायणाला बस, नामस्मरण कर, सगळं ठीक होईल. मी केलं, मनापासून केलं. त्या उपासांनी मला आठ वर्षं जास्त थांबवलं. श्रद्धा म्हणजे सोसणं, अशी गाठ माझ्या मनात बसली होती. म्हणून सोसणं संपलं त्या दिवशी श्रद्धाही गेली. माहेरच्या देवघरात दिवा लावायला माझा हात वर्षभर धजला नाही. मी नवस मोडलेली, वटसावित्रीचा दोरा तोडलेली बाई होते.

बाहेरचंही तसंच. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कुणी अपमान केला नाही, फक्त बोलावलं नाही. मी सवाष्ण नव्हते आणि विधवाही नव्हते. रूढीने विधवेला निदान काय घालायचं नि काय नाही हे सांगून ठेवलं होतं, क्रूरपणे का होईना. घटस्फोटितेचं काय करायचं हे रूढीला ठाऊकच नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो आदर्श घ्यायला सांगितलं. तो ठराव वाचून मी घरात रडले. आणि मग लक्षात आलं, की त्यात आमचं नाव नाही. कुणाच्या मनात आलं नसेल, इतकंच. मंगळसूत्र मी स्वतः काढलं होतं; पण त्याचा अर्थ मला देवीची ओटी भरायची नाही असा कसा होतो?

पालखी पुण्यातून सासवडला निघते त्या दिवशी गटातल्या एका मैत्रिणीने मला ओढून नेलं. दिवे घाट चढेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. माझ्यापुढे परभणीकडच्या एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होत्या. घाटाच्या माथ्यावर थांबलो तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि वाकून माझ्या पायाला हात लावला, मी त्यांच्या. "माउली, किती येळ चालायलीस, बस की," म्हणाल्या. गाव विचारलं. मालक काय करतात हे विचारलं नाही. सबंध दिवसात कुणीच विचारलं नाही. वारीत माणसाची ओळख जोडीने होत नाही, तिथे प्रत्येक जण एकटाच येतो आणि माउली होतो. विठ्ठलाने मला सोसायला कधी सांगितलं होतं? ते माणसांनी सांगितलं होतं. त्या रात्री सासवडहून घरी येऊन मी दिवा लावला. तेव्हापासून दरवर्षी तेवढा टप्पा मी चालते.

हे फक्त हिंदूंचं नाही. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण कायद्याने वेगळी झाल्यावर कित्येक वर्षं चर्चमध्ये कम्युनियन, म्हणजे पवित्र प्रसाद, घ्यायला पुढे गेली नाही. नुसत्या घटस्फोटाने ते बंद होत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका फादरांनी सांगितलं तेव्हा ती चर्चच्या बाकावर बसून रडली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी विवाह रद्दबातल ठरवण्याची चर्चची प्रक्रियाही सोपी केली. धर्म बदलू शकतो, सगळेच थोडेथोडे बदलत आलेत. पण धर्मात उरलेली मोकळी जागा दाखवायला कुणीतरी लागतं, आणि ज्यांनी ती दाखवायची ते पुष्कळदा गप्प बसतात.

म्हणून गुरुजींशी मी वाद घातला नाही, एक प्रश्न विचारला. बायको वारलेल्या बापाला कमरेला सुपारी लावून मुलाची मुंज लावता येते, हे त्यांनीच आमच्या नात्यात केलेलं मी पाहिलं होतं. बापाच्या एकटेपणावर शास्त्राने एका सुपारीत तोड काढली. तशी तोड आईसाठी का नाही? ते बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, "ताई, मला शिकवलेलं नाही. मी नाही म्हणत नाही, पण माझ्याच्याने होणार नाही." त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. आणि पुण्यात आम्हाला पर्याय आहे. ज्ञान प्रबोधिनीच्या पौरोहित्य वर्गातून तयार झालेल्या स्त्री-पुरोहित इथे अनेक वर्षं लग्नं लावतायत, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगून. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या आईला हा पर्याय तितका सहज मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

लग्न मार्गशीर्षात आहे. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आधी माझं नाव आहे, खाली भाऊ-वहिनीचं, आणि लेकीच्या इच्छेने तिच्या बाबांचंही. पुरोहितबाईंशी बोलून कन्यादानाचा विधी वगळलाय. त्याऐवजी मी आणि तिचे बाबा, आपापल्या जागेवरून, तिचा हात मुलाच्या हातात देऊ. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या जुन्या सासूबाईंना, मी स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले. त्या आता नव्वदीला टेकल्यात. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "हळदीला येऊ ना गं मी?" मी म्हटलं, "आई, उखळावर पहिला हात तुमचाच." मुसळाला बांधायला आंब्याची पानं आणायचं काम मावसभावाच्या मुलाकडे दिलंय, आणि हिशेबाची वही, अर्थात, माझ्याकडे आहे.